वरून की पुढून

गावाची उन्नती त्याच्या यंत्रांवरून आणि माणसाची त्याच्या धोतराच्या शुभ्रतेवरून मोजावी, असं पायगोंडा आण्णांचं ठाम मत होतं. हे मत त्यांचं १९३८ साली झालं. कोल्हापूर स्टेशनावरून बैलगाडीत, कडब्यात गुंडाळून, कपडे धुण्याचं यंत्र त्यांच्या निपाणीच्या घरी उतरलं त्याच दिवशी. त्याआधी ते एकच धोतर चार-चार दिवस नेसत आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

यंत्र म्हणजे लाकडी पिंप. वर झाकण, बाजूला दांडा. कपडे वरून टाकायचे, पाणी आणि साबणाचा चुरा घालायचा, दांडा फिरवत बसायचं. निपाणीच्या तंबाखूवाल्यांत असलं यंत्र पहिलंच. हा मान पंधरा दिवस टिकला. सोळाव्या दिवशी भिंतीपलीकडच्या चुलतभावाच्या, पारिसा आप्पांच्या दारात लोखंडी यंत्र उतरलं. त्याला वर काही नव्हतं. ऐन पोटावर गोल दार होतं.

भावकू परटानं दोन्ही यंत्रं उकिडवा बसून नीट पाहिली. ही दोन घरं त्याच्या बापापासूनची. वर्षाचा जोंधळा इथूनच यायचा. यंत्रं चालली तर त्याची चूल विझणार होती, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. या दोघांनी जन्मात एक रुमाल धुतला नव्हता, आणि आता धुण्यावर असं बोलत होते जणू साबण यांच्याच घराण्यात जन्माला आला.

"पोटाला दार!" पायगोंडा म्हणाले. "पाणी भरल्यावर उघडलं तर काय रं व्हईल, पारिसा?"

"उघडायचंच कशाला? तुमच्यात बघायचं म्हंजे विहिरीत वाकल्यागत. आणि पाणी किती पितंय ते! माझं निम्म्यात भागवतंय."

"पाणी पितंय म्हणूनच धुतंय. तुझं नुसतं गुळण्या करतंय."

आठवडाभरात गावात दोन तट पडले. वरून टाकणारे आणि पुढून टाकणारे. ज्यांच्या घरी टाकायला दुसरं धोतर नव्हतं, ते सगळ्यात तावातावानं भांडत. शेवटी चारचौघांत ठरलं: रविवारी सामायिक अंगणात दोन्ही यंत्रं चालवायची. जे जिंकेल तसलंच दोन्ही घरांत राहील, आणि परटाचं काम बंद. निकाल देणार कोण? दोन्ही भावांचा रोष घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून निकाल भावकूकडे आला.

"खरं सांगायचं, भावकू," पारिसा म्हणाले. "तुझं पोट मधी आणायचं न्हाय."

"न्हाय आणत," भावकू म्हणाला. ते आणायला यांनी शिल्लक ठेवलंय कुठं, हे तो मनात म्हणाला.

रविवारी सकाळी दोन्हीकडे वखारीतली सहा-सहा धोतरं पडली, तंबाखूच्या धुळीनं पिवळी झालेली. माणसं शिंकू लागली. इतक्यात पायगोंडांच्या आई, धोंडूबाई, ओसरीवर आल्या.

"पाणी गाळलंसा व्हय?"

दोन्ही घरं जैनांची. जैनांच्या घरात न गाळलेलं पाणी वापरत नाहीत. दुपदरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव त्याच विहिरीत हलक्या हातानं परत सोडायचे. पिण्याच्या घागरीला हे रोजचंच. पिंपाला किती घागरी लागतात, हा हिशेब मात्र उन्नतीच्या भरात राहून गेला होता.

"माझ्या अंगणात न गाळलेल्या पाण्यात सुतळीसुदिक भिजायची न्हाय," धोंडूबाई म्हणाल्या आणि तिथंच बसल्या.

मग दोन्ही घरच्या बायका विहिरीवर गेल्या. पारिसांची बायको ब्राह्मी गाळू लागली, बाकीच्या शेंदू लागल्या. पिंपाला बारा घागरी, लोखंडी यंत्राला सात. साबणाचं पाणी सोडून दिलं की खळबळायला तेवढ्याच परत. मग आणखी एकदा. फडकं पिळायचं नाही, आपटायचं नाही, घाई करायची नाही. दांडा फिरवणारे पुरुष पाण्याची वाट बघत विड्या ओढत बसले.

दुसऱ्या खेपेला पारिसांना आठवलं, टोपी टाकायची राहिली. चालू यंत्राचं दार त्यांनी उघडलं. सात घागरी पाणी त्यांच्या मांडीवरून वाहत अंगणभर झालं.

"घ्या! गुळणी टाकली!" पायगोंडा ओरडले, आणि दिमाखात झाकण उचलून आपली टोपी वरून टाकली. मग त्यांनी सहज एक धोतर ओढून पाहिलं, तर सहाही आली. पीळ बसून त्यांचा कासऱ्यासारखा दोर वळला होता.

उन्हं कलली तरी चूल पेटलेली नव्हती, कारण पेटवणाऱ्या विहिरीवर होत्या. आणि दिवस मावळल्यावर या घरांत कुणी घास घेत नाही. पायगोंडांचा आवाज बसला. पारिसा ओल्या धोतरात पश्चिमेकडे बघत होते.

भावकूनं दोन्हीकडची धोतरं दोरीवर टाकली, उजेडाकडे धरून पाहिली. लबाडी करायला ही वेळ चांगली होती. पण डागाबद्दल त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"धोतरं दोन्हीतली सोच्छ हायत. वरच्यात टोपी राहिली तर टाकता येतीया, पण कापडाचा दोर व्हतोय. पुढचं कापड जपतंय, पाणी बी कमी. पुढचं जितलं."

पारिसांनी छाती काढली. भावकूनं पटका झटकला आणि जायला निघाला.

"थांब रं," धोंडूबाई म्हणाल्या. "ह्या जितलेल्याला रोज किती घागरी?"

"सात-सात तीनदा. एकवीस, आक्का."

"आणि गाळणार कोण?"

ब्राह्मीनं ओलं फडकं नवऱ्याच्या हातात ठेवलं आणि चूल पेटवायला आत गेली. पारिसांनी फडक्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे, मग मावळतीकडे. त्यांनी ते पायगोंडांपुढे धरलं. पायगोंडा म्हणाले, "जितलं तुझं हाय रं, मर्दा," आणि हात मागे बांधले.

"मग इतकी वर्सं कापडं कशात धुतलीस, भावकू?" कुणीतरी विचारलं.

"वेदगंगेत," भावकू म्हणाला. धोंडूबाईंनी दुसरीकडे पाहिलं.

सोमवारी त्यानं दोन्ही घरची गाठोडी गाढवावर टाकली आणि तो नदीवर गेला. नदीचं पाणी कुणी गाळत नाही.