राफाय नावाचं गाव

परक्या नंबरप्लेटची ती निळी गाडी लीदियानं सकाळपासून तीनदा पाहिली होती. आधी चर्चपाशी, मग ग्रामकचेरीच्या फलकासमोर, आणि आता तिच्या वडिलांच्या कुरणाच्या कडेला. आतला माणूस उतरला, त्यानं कुरणाचा फोटो काढला आणि परत जाऊन गाडीत बसून राहिला.

लेकीला, दोर्काला, कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या लीदियाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आज बुधवार. फलकावरच्या नोटिशीची मुदत शुक्रवारी दुपारी संपत होती. वडिलांमागे कुरण तिच्याकडे आलं खरं, पण त्यातला एक वाटा कुणा युराय कुबिनेत्सच्या नावे शंभर वर्षं तसाच पडून होता. नावापुढे लिहिलेलं, ‘ठावठिकाणा अज्ञात’. मुदतीत त्याच्या वंशातलं कुणी उभं राहिलं नाही, तर वाटा तिचा होणार होता आणि मगच तिथं घर बांधता येणार होतं. सासूच्या घरातली त्यांची खोली ओल धरणारी. दोर्का सलग दोन हिवाळे खोकत होती.

“आई, तो इकडेच येतोय.”

“येऊ दे की. चावतोय का?” मार्गिता, तिची सासू, पोळपाटावरून हात न उचलता म्हणाली.

दारातला माणूस पन्नाशीचा, दाढी वाढलेला. बोलत होता इथलीच भाषा, पण जुनाट. लीदियाच्या पणजीच्या तोंडी असायचे तसले शब्द.

“मी झेलिमिर द्रोटार. सर्बियातून आलोय, नोवी सादहून. तुमच्या दारावर द्रोटार अशी पाटी पाहिली. म्हटलं, आपलीच माणसं.”

“आपली!” मार्गिता खळखळून हसली. “अरे बाबा, ह्या खोऱ्यात दगड उचललास तरी खाली द्रोटार सापडेल. तू कुणाच्या घरचा?”

“म्हणजे?”

लीदियानं कान टवकारले. इथल्या शेंबड्या पोरालाही हा प्रश्न कळतो. एका वस्तीत चाळीस द्रोटार, म्हणून घरोघर वेगळं नाव. ते कागदावर नसतं, लोकांच्या तोंडी असतं, पोस्टमनसुद्धा त्यावरच चालतो. मार्गिताचं घर लिश्कांचं. आणि हा म्हणे आपला माणूस!

“माझे पणजोबा युराय,” तो म्हणाला. “पाठीवर तारेचं भेंडोळं घेऊन गावोगाव फिरायचे. फुटकी मडकी तारेनं बांधून द्यायचे. आमच्याकडे आले ते परत गेलेच नाहीत.”

“दर दुसरा माणूस युराय असतो इथं,” लीदिया म्हणाली. “आणि कुरणाचा फोटो कशाला काढलात?”

तो गोंधळला. मग त्यानं फोन पुढे केला. कुरणंच कुरणं. “आजी सांगायची, घरासमोर कुरण होतं, उतरतं. म्हणून दिसेल त्याचा काढतो.”

“आणि फलकासमोर काय वाचत होतात एवढं?”

“संडास कुठं आहे ते. लिहिलेलं नाही.”

“मागच्या अंगणात, डावीकडे,” मार्गिता म्हणाली. “जा आधी.”

तो गेल्यावर लीदिया कुजबुजली, “मला नाही पटत. बरोबर दोन दिवस आधी कसा उगवला?”

“अगं, तुझं कुरण कुबिनेत्सांचं. ह्या द्रोटाराचा त्याच्याशी संबंध काय?”

तेही खरंच. लीदियाचा जीव थोडा भांड्यात पडला. तो परत आल्यावर तिनं सूप वाढलं, आंबट कोबीचं, वर सॉसेजचे दोन तुकडे.

“एक सांगू?” मार्गिता त्याला म्हणाली. “आडनावावर जाऊ नकोस. इथून सगळ्याच घरची माणसं तार घेऊन बाहेर पडली. परमुलखात नाव कोण विचारतो? तारवाला म्हणजे आपल्या बोलीत द्रोटार. तिथल्या कारकुनानं तेच लिहून घेतलं. बाप वेगळ्याच आडनावाचा आणि पोरं द्रोटार. रशियात सापडतील, तुमच्याकडे सापडतील.”

“मग मी शोधू कसं? गावाचं नाव तेवढं माहीत आहे. कुठल्याच नकाशात नाही ते.”

“कुठलं?”

“राफाय. आजी म्हणायची, आपण राफायचे.”

मार्गिताचं लाटणं थांबलं. लीदियानं दोर्काला छातीशी घट्ट धरलं.

“उद्या पोलंडला निघतोय,” तो सुपात पाव बुडवत म्हणाला. “तिकडे मिळत्याजुळत्या नावाचं एक गाव आहे. सहा वर्षांच्या सुट्ट्या ह्यात गेल्या. बायको म्हणते, दुसरी बाई ठेवली असतीस तर निदान कळलं असतं कुठं जातोस ते.”

मार्गिता हसली नाही. भांडी उचलून आत गेली, लीदिया मागोमाग.

“नोटीस वाचूनच आलाय तो,” लीदिया दबक्या आवाजात म्हणाली. “सोंग आहे सगळं.”

“नोटिशीत कुबिनेत्स लिहिलंय. राफाय कुठं लिहिलंय?”

कुठंच नव्हतं. राफाय म्हणजे तिच्या माहेरचं घर. वडिलांना सगळं खोरं राफायचा म्हणून हाक मारायचं, आणि थडग्यावर मात्र कुबिनेत्स. परक्याला हे सांगणार कोण?

“मी काही बोलणार नाही,” मार्गिता म्हणाली. “माहेर तुझं, तोंड तुझं.”

दोर्का खोकली. लीदियानं तिची पाठ चोळली. गप्प बसणं किती सोपं होतं. राफाय नावाचं गाव नाहीच, हे तर खोटंही ठरलं नसतं. हा पोलंडात जाईल, तिकडच्या कुरणांचे फोटो काढील. पुढच्या वर्षी आणखी कुठं. आणि ती नव्या घराच्या खिडकीतून दर निळ्या गाडीकडे अशीच बघत बसेल.

ती बाहेर आली तेव्हा तो कोट चढवत होता.

“पोलंडला जाऊ नका,” ती म्हणाली. “राफाय गाव नाही, घर आहे. माझ्या वडिलांचं. तुमचे पणजोबा युराय कुबिनेत्स असणार.”

एक बाही घातलेली, एक लोंबकळलेली, तसाच तो बाकावर बसला. मग म्हणाला, “म्हणजे तू माझी…”

“ते नंतर बघू. आधी ऐका.” तिनं नोटीस सांगितली, वाटा सांगितला, शुक्रवार सांगितला. आवाज कोरडा ठेवला. “तुम्ही पुढे झालात तर आमचं घर अडेल.”

झेलिमिरनं खिडकीतून कुरणाकडे पाहिलं, मग खोकणाऱ्या पोरीकडे, मग परत कुरणाकडे. त्याच्या चेहऱ्यावरून लीदियाला काही म्हणता काही वाचता येईना.

“ती कचेरी,” त्यानं विचारलं, “सकाळी किती वाजता उघडते?”

“आठला,” लीदिया म्हणाली.