होय, ही गर्दी मीच वाढवली

मित्रांनो, मी एक जुना लसींचा डबा आहे. रंग उडालेला, कडी तुटलेली, झाकण सुतळीने बांधलेलं. काल दवाखान्याच्या कारकुनाने मला भंगारात टाकलं आणि वर ऐकवलं, "या डब्यांनीच लोकसंख्या वाढवली!"

होय, वाढवली. नाकबूल कोण करतंय? पण अर्धाच हिशेब मांडून मला दोषी ठरवू नका.

पोटात बर्फ भरून मी नर्सबाईंच्या खांद्यावरून तीस वर्षं दारोदार हिंडलो. चढ लागला की त्या मलाच बोल लावत, "मेल्या, वाटेत लस खातोस की काय?" मी थंडच राहायचो. कामच ते माझं.

गिरणीमागच्या गल्लीत एक आजी होती. मुलं किती, असं विचारलं की म्हणे, "गोवरातून उठलेली तीन." जन्मली होती नऊ. गोवर होऊन जाईपर्यंत ती मूल मोजण्यात धरतच नसे.

तिच्या सुनेला दोन लेकरं. थोरला गोवरातून उठलेला, धाकटी नऊ महिन्यांची. शिवणकारखाना सुनेची जागा आणखी सहा महिनेच राखून ठेवणार होता. पण आजी हटून बसली, "आधी आणखी एक होऊ दे. हाताशी एक जास्तीचं असावं."

सून म्हणाली, "आई, पोरं म्हणजे काय शर्टाची बटणं आहेत, जास्तीचं एक आतून टाचून ठेवायला?"

नर्सबाईंनी मला उघडलं आणि धाकटीला गोवराची लस टोचली. आजीने तोंड फिरवलं.

लस टोचल्यापासून पाचव्या महिन्यात गल्लीत गोवर आला. शेजारची दोन पोरं तापाने फणफणली. धाकटी मात्र उंबऱ्यात बसून चमचा चावत होती. आजी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तिचं कपाळ चाचपत राहिली. गोवर शिरलाच नाही.

मग नर्सबाई वही घेऊन आल्या. "नातवंडं किती, आजी?"

आजी धाकटीकडे बघत राहिली. "दोन. लिहा." मग सुनेवर खेकसली, "आणि तू अजून इथेच? भोंगा वाजेल ना तुझ्या कारखान्याचा!"

त्या घरात तिसरा पाळणा हलला नाही. अशी कितीतरी घरं मी पाहिली. आधी पोरं जगली, म्हणून माणसं वाढली. ती जगतात असा भरवसा आला, आयांना कामधंदा मिळाला, तेव्हा जास्तीची पोरं मागणं आपोआप थांबलं. हिशेबाचा हा अर्धा भाग कारकून विसरतात.

मला खुशाल भंगारात टाका, मित्रांनो. पण माझ्या जागी येईल त्या डब्यातला बर्फ वितळू देऊ नका.

आणि कारकूनसाहेब, जरा डावी बाही वर करा. दंडावर तो गोल व्रण दिसतोय? त्या दिवशी केवढं भोकाड पसरलं होतंत! मी तिथेच होतो.