मौलूदच्या दरीतले मकनीन

मौलूदला पाखरांचं सगळं कळायचं, माणसांचं मात्र काडीचंही कळत नव्हतं.

अल्जीरियातल्या बिजायाच्या विद्यापीठात तो पक्षिशास्त्र शिकवायचा आणि सुटी मिळाली की कबाइली डोंगर पालथे घालायचा. मकनीन म्हणजे लाल तोंडाचं, चिमणीहून लहान पाखरू. गळा असा गोड की लोकांनी हौसेपायी पिंजरे भरले आणि रानं ओस पाडली. मौलूदला एका दरीत मकनीनांचा थवा सापडला होता. आसपासच्या डोंगरांत तेवढाच उरलेला. जागा त्याने बायकोला, वर्दियालाही सांगितली नव्हती.

सासरा हाज अर्ज़की बंदराजवळच्या कॉफीच्या दुकानात रोज आपला मकनीन टांगून बसायचा. तिथले सगळे तसलेच, घरी बायको उपाशी असली तरी पाखराला दाणा आधी. एका दुपारी त्याने जावयाला डिवचलं, "एवढी बुकं वाचलीस, पण खरा गळा ऐकलायस का कधी?"

झालं! मौलूदला राहवेना. दरीत टिपलेलं गाणं त्याने तिथेच मोबाइलवर लावलं. दुकान चिडीचूप झालं, हाजचे डोळे भरून आले. पाखराच्या मागे लांबून बांग ऐकू येत होती, पण या शहाण्याचं तिकडे लक्ष असेल तर ना.

वसंतात तो दरीत गेला, तर काटेरी झुडपांवर डिंक फासलेल्या काड्या आणि पाखरू एक नाही. पाय ओढत घरी आला, तर गॅलरीत पिंजरा, आत मकनीन आणि शेजारी सासरा.

"तुझ्यासाठी मुद्दाम राखला," हाज म्हणाला.

"जागा कुणी सांगितली तुम्हाला?"

"तूच की. ती बांग आमच्या सी तय्यबची, माझा मावसभाऊ तो, त्या दरीखालच्या गावातल्या मशिदीत बांग देतो. त्याचा घोगरा गळा मी झोपेतही ओळखेन."

"सगळे संपवलेत तुम्ही!"

"मी एकच आणला, बाबा. दुकानातल्यांचे हात बांधू का?"

"ओरडू नका हो," वर्दिया म्हणाली, "बाबांनी प्रेमाने आणलाय." त्या प्रेमानेच तर वाटोळं केलं होतं. मौलूदला सासऱ्याची चीड आली, त्याहून जास्त स्वतःची.

दुसऱ्या दिवशी तो पिंजरा घेऊन दरीत गेला. दार उघडलं. मकनीन दारापर्यंत आला, थबकला. साद घालायला रानात त्याचं कुणी नव्हतं.

इतक्यात जाळी खांद्यावर टाकून दोघे वर चढून आले. मौलूदच्या हातातला पिंजरा बघून त्यांनी आपल्यातलाच समजून सलाम केला.

"उशीर केलात, काका," एक जण म्हणाला. "इथलं सगळं गेलं. हा विकायचाय का?"

"नाही," मौलूद म्हणाला, "माझा आहे." आणि त्याने दार लावून घेतलं.