टास्करांची टॉप हॅट

काउंटरवर चार वस्तू होत्या: चामड्याचा एक डबा, त्यातून काढलेली काळी रेशमी टॉप हॅट, मखमली गादीचा ब्रश आणि चहाचा कप, ज्याला मिसेस टास्करनी अजून हात लावला नव्हता. काउंटरच्या पलीकडे टास्कर तीन होते. चौथा, ह्यू टास्कर, रस्त्याच्या वरच्या टोकाला, लोकांचे अंत्यविधी करून देणाऱ्या स्वतःच्याच दुकानात, मागच्या खोलीत निजला होता. गुरुवारी त्याला पुरायचे होते.

क्लाइव्ह ऑलरेन्शॉने कप उचलून खिडकीत ठेवला.

"चहा आणि रेशीम एका फळीवर नको," तो म्हणाला. "ह्यू असता तर मला ओरडला असता."

"तो तुला ओरडायचाच," मिसेस टास्कर म्हणाल्या. त्या दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर.

ऑलरेन्शॉंच्या दुकानात तीन पिढ्या पुरुषांच्या हॅट विकल्या जात होत्या. लंडनच्या दुकानांत गिऱ्हाइकाला आरसा आधी दाखवतात, इथे मापाची पट्टी आधी निघायची. हॅट उचलायची ती दोन्ही हातांनी, कडेला धरून. हॅटच्या कळसाला चिमटीत धरणाऱ्याला क्लाइव्ह तिथेच थांबवायचा, मग तो बँकेचा मॅनेजर का असेना.

"काय ठरलंय ते मला नीट सांगा," तो म्हणाला. "नंतर कुणी म्हणायला नको की ऑलरेन्शॉने घोळ घातला."

नेव्हिलने घसा साफ केला. तो थोरला, पिपा धाकटी. पंचवीस वर्षे लीड्सला विमा कंपनीत होता, आणि सोमवारच्या गाडीने आला होता.

"गुरुवारी बाबांच्या शवगाडीपुढे कोणीतरी चालायचं. त्यांची हॅट घालून, त्यांची काठी घेऊन. मी म्हणतो, ते काम मोठ्या मुलाचं. पिपा म्हणते, तिचं."

"मी म्हणत नाही," पिपा म्हणाली. "चार वर्षं मी करतेय ते काम. या गावातली निम्मी माणसं मीच पोचवलीत."

"स्वतःच्या हॅटमध्ये."

"स्वतःच्या हॅटमध्ये. आणि योग्य रस्त्याने. शेवटचा तू पुढे चाललास तेव्हा मिस्टर क्लेगना शवपेटीसकट पबच्या आवारात नेलंस."

"मी वीस वर्षांचा होतो. आणि वळणावरची पाटी पडली होती."

"पबवाला बाहेर येऊन म्हणाला, आत या."

"खांदेकऱ्यांपैकी दोघं गेलेही," मिसेस टास्कर म्हणाल्या.

क्षणभर तिघेही हसण्याच्या बेतात आले, आणि कुणीच हसले नाही.

हॅटच्या प्रश्नात नुसती हॅट नव्हती, हे क्लाइव्हला कळत होते. गुरुवारी सगळे गाव फुटपाथवर उभे राहणार होते. ह्यूच्या पुढे जो चालेल, तोच शुक्रवारपासून टास्करांच्या दुकानाचा मालक, असे गाव धरून चालणार होते. नेव्हिलला दुकान विकायचे नव्हते. लीड्स सोडून परत यायचे होते. पिपाला ते दुकान कुणाच्या हाताखाली चालवायचे नव्हते. दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच आठवडाभर त्या घरात कुणी धड जेवले नव्हते.

"मग मी सांगितलं," मिसेस टास्कर म्हणाल्या. "दोघंही माझीच. मी कुणाचं नाव घेणार नाही. हॅट ज्याला बसेल त्याने चालावं. आज आहे तशी. तू तिला एक टाकाही घालायचा नाहीस, क्लाइव्ह. नुसतं मोजायचं."

"घालून बघितली कुणी?"

"नाही," पिपा म्हणाली. तिच्या आवाजात किंचित धार आली. मालकाची शवगाडी आवारातून निघेपर्यंत त्याची हॅट दुसऱ्या कुणी डोक्यावर चढवायची नाही, हा टास्करांचा नियम होता. लहानपणी तिने आजोबांची हॅट एकदा घातली होती आणि बापाचा मार खाल्ला होता. त्यानंतर कधीच नाही.

"आणि हिच्याऐवजी दुसरी चालणार नाही? तुमच्यापैकी एकाला मी आज हॅट देऊ शकलो तर भांडण मिटेल, म्हणून विचारतो." क्लाइव्हने मागच्या कपाटाकडे मान वळवली. "रेशमी अकरा आहेत. ते कापड आता कुठेच विणत नाहीत, तेव्हा जुन्याच शोधाव्या लागतात. पण जुन्या माणसांची डोकी लहान. अकरापैकी दहा सात मापाच्या आतल्या. उरलेली एक सिगारेटने जळलेली आहे."

"बाबांचीच," पिपा म्हणाली.

"बाबांचीच," नेव्हिलही म्हणाला. आठवडाभरात दोघांचे एकमत झाल्याची ही पहिली वेळ असावी.

क्लाइव्हने डोक्याचे माप घेण्याचे यंत्र काढले. लाकडी मुकुटासारखे दिसणारे, सगळीकडून बारीक पट्ट्या लावलेले. डोक्यावर ठेवले की प्रत्येक पट्टी कवटीच्या उंचवट्यापाशी थांबते. नेव्हिल त्याच्याखाली असा बसला, जणू न्हाव्याकडे आला आहे.

"टक्कल मोजलं जातं की केस?"

"जे असेल ते. तुझं काम सोपं आहे."

मिसेस टास्करनी पर्सची कडी उघडून मिटवली.

"सात पूर्णांक तीन अष्टमांश," क्लाइव्ह म्हणाला.

पिपाने केसांचा अंबाडा सोडून पुन्हा खाली, मानेवर बांधला. ती कामाला निघते तेव्हा तसाच बांधते. क्लाइव्हने यंत्र ठेवले, दाबले, वाचले. मग अंबाड्याचा धक्का लागू नये म्हणून थोडे पुढे सरकवून पुन्हा वाचले.

"सात पूर्णांक एक अष्टमांश."

"झालं तर," नेव्हिल म्हणाला. विजय मिळवल्याचा स्वर त्याने काढला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. "आतल्या चिठ्ठीवर सात पूर्णांक तीन अष्टमांश छापलंय. मी लहानपणापासून वाचत आलोय. मोजायचं काय राहिलं?"

पिपा खिडकीपाशी गेली. काचेला पाठ टेकून तिने हात मागे घेतले, आणि एका हाताने दुसऱ्याचे मनगट धरले. अंत्ययात्रेपुढे उभी असताना ती हात असेच धरते. ते तिला ह्यूने शिकवले होते. शेतातल्या कुंपणापासून चर्चच्या फाटकापर्यंत, एक उन्हाळाभर, बापलेक रिकाम्या रस्त्यावरून चालत होते. क्लाइव्ह दारात उभा राहून त्यांना पाहायचा. पुढे जाणाऱ्याने मागे वळून बघायचे नसते. गाडीचा वेग आवाजावरून ओळखायचा. ते तिला तिसऱ्या दिवशीच जमले होते.

"चिठ्ठी हॅट बनली त्या दिवशीची," क्लाइव्ह म्हणाला. "मला आजची हॅट विचारलीय. मोजल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. तुझ्या बाबांनाही नाही सांगितला कधी."

त्याने हॅट दोन्ही हातांनी उचलून उलटी केली. अस्तर पांढरे, जरा पिवळट. चिठ्ठी जागेवर. मग त्याचा अंगठा सवयीने आतल्या चामडी पट्टीखाली गेला, आणि तिथेच थांबला.

ही पट्टी गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यानेच शिवली होती. मेण लावलेल्या तपकिरी रेशमी धाग्याने. धागा कोणता, हे ह्यूला माहीत होते आणि क्लाइव्हला; तिसऱ्या कुणाला कळायचे कारण नव्हते. आता तिथे काळा सुती धागा होता. टाके बारीक, एकसारखे, शिंप्याचे नव्हे तर घरच्या हाताचे. पट्टीवर चाळीस वर्षांच्या घामाचा पांढरा क्षार होता, ठिकठिकाणी. धाग्यावर एकही डाग नव्हता.

त्याने नखाने पट्टीची कड किंचित उचलली. आत करडी लोकर होती, तिरप्या रेघांच्या चौकडीची, दुपदरी घडी घालून सगळीकडे सारख्या जाडीने बसवलेली. ती लोकर त्याने कैक वर्षे समोरून पाहिली होती, चार बटणांसह, ह्यूच्या पोटावरच्या जाकिटात.

क्लाइव्हने मान वर केली. मिसेस टास्कर त्याच्याकडेच बघत होत्या. पर्सवरचे त्यांचे हात हलत नव्हते. उजव्या तर्जनीच्या टोकाला चिकटपट्टीचा बारीक तुकडा होता.

"काय रे, क्लाइव्ह?" त्या म्हणाल्या. "काही बिघाड आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "शिवण चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली."

"बाबांनी तुमच्याकडेच टाकली होती ना?" नेव्हिलने विचारले. "शिवायला?"

बाहेर बसचे दार मिटले. खिडकीपाशी उभ्या पिपाने मान वळवली. ती आधी क्लाइव्हकडे बघत होती, मग आईकडे. आणि मग बराच वेळ आईच्या बोटाकडे.

"टाकली होती," क्लाइव्ह म्हणाला. "दर ऑक्टोबरला."

ते खरे होते. नेव्हिलने मान डोलावली.

क्लाइव्हने पट्टीची कड जागेवर दाबली, दोनदा अंगठा फिरवून सपाट केली. आपल्याला काय विचारले होते, हे त्याने मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले: आज आहे तशी, एक टाकाही न घालता. मग खणातून हॅटचे माप काढले. लाकडाचे दोन अर्धगोल, मध्ये पितळी स्क्रू, स्क्रूवर आकडे. अर्धगोल त्याने आत उतरवले आणि स्क्रू फिरवायला सुरुवात केली. लाकूड पट्टीला हलकेच टेकले, तेव्हा त्याने हात थांबवला. जोर दिला असता तर आतली लोकर दबून ते अजून थोडे सरकले असते. चांगला हॅटवाला जोर देत नाही. डोके जोर देत नसते.

"सांगा ना," नेव्हिल म्हणाला.

क्लाइव्हने चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, स्क्रूवरचा आकडा वाचला. माप बाहेर काढून पुन्हा आत घातले, पुन्हा टेकेपर्यंत फिरवले, पुन्हा वाचले. दोन्ही वेळा तेच आले.

"सात पूर्णांक एक अष्टमांश," तो म्हणाला.