कोऱ्या चेहऱ्याची बाई

मुलांसाठी पुस्तकं लिहून लिहून तिघा भावंडांतली मधली पार कंटाळली होती. मुलांना नव्हे, त्यांना शहाणं करण्याला. बत्तीस पानं, पानाला चार ओळी आणि विषय प्रकाशक देतील तो. कधी समाजसुधारक, कधी कावीळ, कधी दूरच्या लोकांच्या चालीरीती. सुधारक जन्मतःच हुशार निघायला हवा, आजार शेवटच्या पानावर आटोक्यात यायला हवा आणि चालीरीतींच्या पुस्तकात सगळ्यांनी हसतमुखानं नाचायला हवं, असा प्रकाशकांचा शिरस्ता होता. मधली मुकाट्यानं हो म्हणायची. वाद घालायचा तर अंगात त्राण लागतं, ते कुठून आणायचं?

चित्रं तिचा धाकटा भाऊ काढायचा. दोघांचं काम एकाच खोलीत चाले. खिडकीपाशी त्याचं तिरपं टेबल, भिंतीकडे तोंड करून तिचं. धाकट्याचा हात सोन्यासारखा, पण एक खोड होती. मनानं नवा चेहरा रचणं त्याला जन्मात जमलं नाही. मग ओळखीपाळखीचे चेहरेच कागदावर उतरायचे. काविळीच्या डॉक्टरांना समोरच्या न्हाव्याचं नाक मिळालं होतं. मुलींच्या शिक्षणासाठी झिजलेल्या एका सुधारकाला तर त्यानं चक्क वडिलांच्या भुवया आणि मिशा बहाल केल्या होत्या. याच वडिलांनी थोरल्या मुलीची शाळा सातवीत बंद केली होती. ते पुस्तक बघून थोरली पोट धरधरून हसली होती.

आज मात्र ती हसत नव्हती. आल्या आल्या तिनं पानांचा गठ्ठा मधलीच्या टेबलावर आपटला. तिच्या मागून दप्तरासकट तिची मुलगी चिंगी आली आणि स्टुलावर बसली. शाळेतून थेट इकडेच आणलं होतं तिला.

"हे काय आहे?" थोरली म्हणाली.

पुस्तक आकडीवरचं होतं. चिंगीला आकडी यायची. घरात या दुखण्याची खडान्‌खडा माहिती फक्त थोरलीला, म्हणून मधलीनंच पानं तपासायला पाठवली होती. पाठवताना तिनं मजकूर चारदा वाचला. चित्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हल्ली ती बघतच नसे. आता तिनं गठ्ठ्यातलं वरचं पान हातात घेतलं. घरातल्या फरशीवर एक मुलगी कुशीवर वळवलेली. रुंद कपाळ, हनुवटीवर तिरपा व्रण. चिंगीच, दुसरं कोण! तिच्याजवळ एक बाई मांडी घालून बसली होती, मुलीच्या डोक्याखाली हात धरून. त्या बाईला चेहरा नव्हता, नुसता अंडाकार.

"अगं, हाताला जे येतं ते उतरतं," धाकटा चाचरत म्हणाला. "बाबांचा चेहरा नव्हता का घेतला?"

"बाबांचं खोटं होतं, म्हणून हसले. हे खरं आहे." थोरलीचा आवाज चढला. "शेजारीपाजारी कुणाला माहीत नाही, शाळेत माहीत नाही. इतकी वर्षं झाकलंय मी. उद्या हे छापून शाळाशाळांत जाणार आणि हिच्याच वर्गातली पोरं बोट दाखवणार. मग? तुम्ही येणार आहात निस्तरायला?"

"बदलतो की," धाकटा म्हणाला. "व्रण पुसला, केस कुरळे केले, झालं."

"बदल रे बाबा," मधलीही म्हणाली. हे प्रकरण मिटावं आणि घटकाभर डोळे मिटून पडावं, एवढंच तिला हवं होतं.

थोरली जरा निवळली. शेजारच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "हे तुझं वाक्य मात्र छान आहे हं. 'आकडी ही लपवण्यासारखी गोष्ट नाही.' हे राहू दे." टोमणा वर्मी बसला. मधलीला स्वतःचीच लाज वाटली.

चिंगी उठून टेबलापाशी आली. पान उचलून तिनं बराच वेळ पाहिलं.

"मामा, ही बाई कोण?"

"ठरलं नाही अजून. कुणाचा चेहराच सुचत नाहीये."

"सुचणार कसा? असं कुणी बसतच नाही." चिंगी तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती. "येणार असं मला आधी कळतं. पोटात कसंतरी होतं. मी आईला हाक मारते. मग आई धावत जाऊन दार लावते. मग खिडक्या. मला शेवटचा कडीचा आवाज येतो. शुद्धीवर येते तेव्हा आई जवळ असते. पण मधलं मला ठाऊक नाही."

थोरली त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघू लागली.

"जिन्यातून लोक जातात गं," ती म्हणाली. "कुणी बघितलं तर..." मधलीनं पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. थोरलीचा खांदा लाकडासारखा ताठ होता, मग एकदम ढिला पडला. "दमले गं मी. दारं लावून लावून दमले."

मग थोरलीनं पदरानं नाक पुसलं आणि रंगाचे डाग पडलेल्या फरशीवर बसकण मारली.

"काढ रे," ती धाकट्याला म्हणाली. "दोघींचे चेहरे काढ. पटकन काढ, नाहीतर माझं मन फिरेल."

चिंगी तिच्यापुढे कुशीवर आडवी झाली. थोरलीनं तिच्या डोक्याखाली हात घातला. धाकट्यानं नवा कागद लावला, पेन्सिलीला टोक केलं.

"चिंगे, डोळे मीट. चित्रात मिटलेले आहेत."

"नको मामा," चिंगी म्हणाली. "नेहमी मिटलेलेच असतात. आज मला आईकडे बघायचंय."