एकाच शेणात सासू-सून

भाचीनं आजवर पुष्कळ किड्यांची पोटं फोडली होती, पण घर फोडायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

संग्रहालयातल्या किड्यांच्या खोलीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, तिनं टाचणीवरचे दोन शेणकिडे भिंगाखाली धरले होते. दोघांची नावं तिच्या मावशीच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी, तरुणपणी ठेवलेली. शिंगवाल्या दांडग्या जातीला स्वतःच्या आईचं, बिनशिंगाच्या गुबगुबीत जातीला बायकोचं. आज उघडं पडलं की जाती दोन नव्हेतच. शिंगवाला नर, गुबगुबीत ती त्याची मादी. काकांनी जन्मभर किडे बघितले आणि त्यांना एक जोडपं ओळखता आलं नाही.

आता एका जातीला नाव एकच. दुसरं बुडणार.

काकांनी मावशीला कधी दागिना केला नव्हता, कुठं फिरायला नेलं नव्हतं. दिला तो हा किडा. त्याचं चित्र तिनं बैठकीत टांगलं होतं आणि आल्यागेल्याला सांगायची, "ही मी. शेण खाल्लं, पण नाव कमावलं."

संध्याकाळी मावशीकडे जाऊन, चहा यायच्या आत, भाची सगळं सांगून मोकळी झाली.

"नर-मादी?" काका पांढरे पडले. "आत उघडून पाहिलंस?"

"एकूण एक. तुम्हीच शिकवलंत ना, वरच्या रूपावर जाऊ नये म्हणून?"

"मी तेव्हा शिंगं बघितली," काका पुटपुटले.

"आणि आई आठवली," मावशी म्हणाली. मग थबकली. "थांब गं. म्हणजे इतकी वर्षं सासूबाई माझा नवरा होत्या? तरीच!"

ती हसली, पण उठून चित्र मात्र खाली काढलं. "बुडणार मीच. या घरात पहिला मान त्यांचाच."

"छापलेल्या तारखेवर ठरतं, मावशी. काकांनी दोन्ही नावं एकाच लेखात छापलीत."

"पान आधीचं सासूबाईंचंच होतं! मी विसरले नाहीये."

"पानाला किंमत नाही. तारीख एक असली की, जो पहिल्यांदा चूक छापून दाखवतो तोच नाव निवडतो. म्हणजे मी."

दोघंही तिच्याकडे बघायला लागली.

"आईचं मागं दुसरं काही उरलेलं नाही गं," काका म्हणाले. इतका पडलेला आवाज भाचीनं कधी ऐकला नव्हता. भिंग धरायला याच माणसानं तिला शिकवलं होतं.

"एकाच लेखात का घातलीत, काका?"

"आधी कोण, यावरून घरात रणकंदन नको म्हणून."

"म्हणजे तेव्हा तुम्ही अंग काढून घेतलंत आणि आता ते माझ्या गळ्यात! मी नाही अंग काढणार. मावशीचं राहील."

काका समोर आलेला बिनसाखरेचा चहा उगाच ढवळत बसले. मावशीनं चित्र पदरानं पुसलं.

"बुडालेलं नाव खोडून टाकतात का गं?"

"नाही. राहिलेल्या नावाच्या खाली छापतात. दरवेळी."

"म्हणजे सासूबाई माझ्या हाताखाली? कायमच्या?"

"कायमच्या."

मावशीनं चित्र परत खिळ्याला लावलं, वाकडं दिसलं म्हणून सरळ केलं. मग काकांकडे पाहिलं, आणि डॉक्टरांनी बंद केलेली साखर त्यांच्या कपात चमचाभर घातली.

"सासूबाईंचं नाव नीट लिही हो," ती भाचीला म्हणाली. "एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर मलाच बोल लावतील."