गळ्यातली लीला

मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा माझ्या चुलतभावाचा, गोपालदादाचा, फोन आला. तोपर्यंत मी अख्ख्या प्रवासात एका कव्हराशी भांडत बसले होते. काळ्यावर लाल अक्षरं, ‘गळ्यातली’, दुसरी आवृत्ती. लाल रंग कुंकवाकडे झुकला होता आणि मला रक्त हवं होतं. अकोल्यात खुशालराव छापखानेवाले माझी वाट बघत होते. मी स्वतः समोर उभी राहून हो म्हटल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, असं आमचं ठरलेलं.

भयकथा लिहिणाऱ्या बाईला प्रकाशक दारात उभं करत नाहीत, हे मी तीन वर्षं सोसलं आणि मग त्यांचा नाद सोडला. आता लिहिणारी मी, टाइप करणारी मी, मुद्रितं तपासणारी मी आणि अमरावतीच्या पोस्टात पाकिटं घेऊन रांगेत उभी राहणारीही मीच. घरचे मला भुतांची मावशी म्हणतात. म्हणोत. मला कुणाची परवानगी लागत नाही याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

“प्रतीक्षा, आईनं तीन दिवसांपासून अन्नाले हात नाई लावला,” गोपालदादा म्हणाला. “निस्त्या चाहावर आहे.”

“दवाखान्यात नेलं का?”

“तब्येतीचं काई नाई. लीलाआईचा टाक गेला.” मग जरा थांबून, “आकांक्षानं इहिरीत टाकला. तुह्या पुस्तकात हाये तसा.”

मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि उलट्या दिशेची गाडी धरली. शेंदूरजनाघाटला पोचेपर्यंत तीन गाड्या बदलल्या आणि एकाही सीटवर मला धड बसता आलं नाही.

आमच्याकडे पहिली बायको वारल्यावर दुसरी आली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठशाने उठवलेली बाई. नवं लुगडं नेसायचं तर आधी टाकाला दाखवायचं, जेवायचं तर पहिला घास टाकाला लावायचा. भगवंतकाकांची पहिली बायको लीलाबाई गोपालदादाच्या बाळंतपणात गेली. दादा तीन महिन्यांचा असताना माणिककाकू या घरात आली आणि अडतीस वर्षं लीलाबाईला गळ्यात घेऊन वावरली. काका गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं, टाक उतरला नाही.

सुट्टीत मी काकूच्या कुशीत झोपायचे तेव्हा तो टाक माझ्या गालाला टोचायचा. त्या टोचण्यातून मी ‘गळ्यातली’ लिहिली. माझ्या कादंबरीतली लीला सवतीच्या गळ्यातला दोरा रोज थोडा आवळते, आणि घरात बाळ येणार म्हटलं की ते बाळ तिला हवं असतं. शेवट काही केल्या सुचेना, म्हणून उतारा मीच रचला. टाक आणि दगड काळ्या कापडात बांधायचा, विहिरीकडे पाठ करायची आणि खांद्यावरून मागे टाकायचा. कुठल्या पोथीत नाही की कुठल्या बाईच्या तोंडी नाही. माझ्या ओट्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर तो तयार झाला होता. नाव बदलायला हवं हेही कळत होतं. पण ‘लीला’ हे नाव अंधारात हाक मारायला फार छान होतं, म्हणून ठेवलं.

आकांक्षा म्हणजे गोपालदादाची बायको, माहेर धामणगाव रेल्वे. माझी सगळ्यात पक्की वाचक. प्रत्येक पुस्तक संपल्यावर ती मला लांबलचक आवाजी निरोप पाठवते आणि मी ते दोन-दोनदा ऐकते. लग्नानंतर आठ वर्षांनी तिला दिवस गेले होते, आता सातवा लागला होता. काकूच्या टाकाचा दोरा विरला म्हणून काकूने तो तिच्याच हातात दिला होता, नवा दोरा ओवून आण म्हणून.

मी फाटकातून आत शिरले तशी ती समोर आली. रडून डोळे सुजलेले.

“ताई, तुमी तरी सांगा यायले. थे वर काढू देऊ नका. थे घरात आलं तं मी धामणगावले चालली जाईन.”

“अगं, ते मी रचलेलं आहे.”

“रचलेलं म्हंजे?”

“म्हणजे बसून बनवलेलं. असा काही उतारा नसतो. मला शेवट हवा होता.”

“मंग बाकीचं?” ती म्हणाली. “आत्याबाईच्या मानीवर वळ आहे, थे तुमी लिहिलं. आहे ना वळ?”

“काकूच्या मानेवरचा वळ दोऱ्याचा आहे.”

“लीलाबाई बाळंतपणात गेल्या, थेही खरं. नावही तेच. टाकही तसाच. मंग ताई, खोटं कोणत्या पानापासून चालू होते, थे तं सांगा मले.”

आजवर एकाही समीक्षकाने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी तिच्या पोटाकडे बघत राहिले. मला माझी लाज वाटली, आणि ती लपवायला मी उगाच पाण्याचा तांब्या शोधू लागले.

विहीर संत्र्याच्या बागेच्या टोकाला. ती उपसायला सकाळपासून मोटर चालू होती. फळं अजून सुपारीएवढीच होती, ऊन मात्र पुरतं पिकलेलं. विहिरीजवळच्या झाडाखाली काकू गोणपाट टाकून बसली होती, बाजूला फडक्यात बांधलेली भाकर. तिचा हात मिनिटामिनिटाला गळ्याकडे जायचा, काही सापडायचं नाही, मग खाली यायचा.

“काकू, दोन घास खाऊन घे ना.”

“तिच्याआधी म्या कदी खाल्लं नाई. आता कशी खाऊ?”

मी बसले, उठले, विहिरीत डोकावले, परत आले. वीज गेली. मोटर गप्प झाली. गडी मोतीरामभाऊ बीडी विझवून, कानामागे ठेवून आकाशाकडे बघत राहिले. खुशालरावांचा फोन वाजला, मी कापला.

“बस ना वं एका जागी,” काकू म्हणाली. “एक सांग. तुनं पायली होती काय तिले?”

“लीलाबाईला? नाही. मी तेव्हा जन्मले कुठे होते?”

“म्याई नाई पायली. फोटो नाई, काई नाई. तुह्या काकानं सांगतलं नाई, म्या इचारलं नाई. सासूबाई नाव काढू देत नोत्या. मी आली तं घरात एक रडतं लेकरू अन् गळ्यात हे. दिवसभर कोनाशी बोलाव माणसानं? मंग म्याच बनवली तिले.”

“बनवली?”

“मंग काय. थे हासरी होती, असं ठरवलं. तिले आंबट आवडे, असं ठरवलं. गोपाल तापला का तिले म्हनो, बाई, पोरगं तुहं आहे, तूच पाय. सासूबाई टोचून बोलल्या का तिच्यापाशीच रडो. थे मले म्हने, जाऊ दे माणिक.” काकूचा हात पुन्हा गळ्याशी गेला. “अडतीस वर्सं लागले मले तिले चांगली कराले. तुनं एका पुस्तकात नासवली. कावून?”

माझ्या पुस्तकांत मेलेली माणसं परत येतात आणि त्यांना काहीतरी हवं असतं, याच एका गोष्टीवर माझा सगळा धंदा चालतो. मेलेलं माणूस एका घरात अडतीस वर्षं नुसतं ऐकून घेत बसेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आणि मी स्वतःला लेखिका म्हणवत होते.

फोन पुन्हा वाजला. या वेळी उचलला.

“ताई, कागद चढवला आहे, फक्त हो म्हणा,” खुशालराव म्हणाले. “रविवारी प्रदर्शन आहे.”

“उतरवा कागद,” मी म्हटलं. “हे पुस्तक छापायचं नाही.”

काकूने ऐकलं.

वीज आली, तीन वाजता तळ दिसला. गोपालदादा चपला काढायला लागला तशी काकू म्हणाली, “तू नाई. जिनं टाकाले लावला, थे उतरन.”

दादाने माझ्या कमरेला दोर बांधला. अर्ध्यापर्यंत दगडी पायऱ्या, पुढे लोखंडी आकडे. माझ्या तीन पुस्तकांत माणसं सात वेळा विहिरीत उतरली होती, मी एकदाही नाही. गाळ थंड असतो हे मी लिहिलं होतं, तो पाय ओढतो हेही लिहिलं होतं. पण तळाशी उभं राहून वर पाहिलं की काठावरची माणसांची डोकी दिसतात, आणि ती आपल्याला इथेच टाकून निघून जातील असं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी वाकून गाळात हात घातला. बादलीची कडी. नारळाची करवंटी. कुणाची तरी रबरी चप्पल. मोतीरामभाऊ वरून “डावीकडं, डावीकडं” ओरडत होते. मनगटावरून काहीतरी गुळगुळीत सरकून गेलं आणि मी हात झटकन बाहेर ओढला. बेडूक असेल. असेलच. तरी मी गाळात गुडघ्यांवर बसून म्हटलं, “लीलाबाई, चुकलं माझं. मी तुम्हाला ओळखत नव्हते.” ते शब्द भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत आले.

थोड्या वेळाने हाताला कापड लागलं. काळं, घट्ट गाठीचं. माझ्या उताऱ्यातला दगड आत होता म्हणून ते वाहून मोटरीच्या तोंडाशी गेलं नव्हतं, टाकलं तिथेच बसलं होतं.

वर आल्यावर काकूने गाठ दातांनी सोडली. दगड फेकला. “दगड कायले बांधाले लावला वं? चांदी तरंगते काय?” म्हणाली आणि तांब्यातल्या पाण्याने टाक धुतला. मी पहिल्यांदाच तो नीट पाहिला. इतक्या वर्षांच्या घामाने आणि घासांनी त्यावरच्या बाईचे नाकडोळे झिजून गेले होते. चेहरा म्हणावा असं काही उरलं नव्हतं.

काकूने टाक पदरावर ठेवला, फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा कैरीच्या चटणीत बुडवून टाकाला लावला आणि खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. गोपालदादाने तोंड दुसरीकडे वळवलं.

आकांक्षा चार झाडं सोडून उभी होती, पोटावर दोन्ही हात घेऊन.

“इकडं ये,” काकू म्हणाली.

“नाई आत्याबाई.”

“गळ्यात नाई बांधत म्या आता. तुही भीती जाईस्तोवर देवाजवळ ठेवतो. पन ये.”

ती आली, मात्र हातभर लांब थांबली. काकूने दुसरा घास मोडला, चटणी लावली, टाकाला टेकवला आणि तिच्यापुढे धरला.

“गोपालले एक डाव पाजाले भेटलं नाई तिले,” काकू म्हणाली. “त्याच्या लेकराले तरी खाऊ घालू दे.”

आकांक्षाने घासाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “ताई?”

ती मला विचारत होती, काकूला नाही. मी चिखलाने माखलेली, कमरेला दोर तसाच. नुसती चांदी आहे ती, असं मला म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तसं म्हटलं असतं तर काकूची लीला मी दुसऱ्यांदा बुडवली असती.

“मी लिहिलेली ही नव्हेच,” मी म्हटलं. “मी हिला कधी भेटलेच नव्हते. ही काकूची लीला आहे. काकूला विचार ती कशी आहे.”

आकांक्षाने काकूकडे पाहिलं. मग एक हात गुडघ्यावर टेकत कशीबशी खाली बसली, तोंड उघडलं आणि काकूने घास तिच्या तोंडात घातला. चावता चावता तिने डोळे बारीक केले.

“आंबट आहे,” ती म्हणाली.

“हाव,” काकू म्हणाली. “तिले आवडे.”